भिंत लागेपर्यंत चल

आमच्या शाळेत लॅपटॉप आले तेव्हा मोठ्या सरांनी सगळ्यात आधी त्यांना हळद-कुंकू लावलं. त्यातलं थोडं कुंकू एका लॅपटॉपच्या फटीत गेलं आणि त्याचं एक बटण कायमचं रुतून बसलं. त्या लॅपटॉपवर काहीही लिहिलं तरी मध्येच ‘क’ यायचा. पोरांनी त्याचं नाव ‘ककक’ ठेवलं आणि त्यावर बसायला भांडणं लागायची.

मी घनसावंगीच्या पलीकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. पाचवी ते सातवीचे वर्ग माझ्याकडे. लॅपटॉप आले म्हणून मला कोडिंगच्या प्रशिक्षणाला तालुक्याला पाठवलं. तिथं पुण्याहून एक तरुण मुलगा शिकवायला आला होता. तो फार गोड बोलायचा. “मॅडम, कोडिंग म्हणजे टायपिंग नाही. नुसते रंगीत ठोकळे ओढायचे आणि एकमेकांत बसवायचे. लहान मूलसुद्धा करतं.” पडद्यावर एक मांजर होतं. ‘दहा पावलं चल’ हा ठोकळा लावला की ते दहा पावलं चालायचं, ‘उजवीकडं वळ’ लावला की वळायचं. माझ्या शेजारी बसलेल्या परतूरच्या गुरुजींचं मांजर चालत चालत पडद्याच्या बाहेर गेलं. गुरुजींनी लॅपटॉप उचलला आणि मागं बघितलं. कुणी हसलं नाही, कारण आम्हा सगळ्यांनाच तसं बघावंसं वाटत होतं.

शाळेत परत आल्यावर मी उत्साहानं शिकवायला घेतलं. पण पोरांना ठोकळ्यांपेक्षा मांजराची काळजी जास्त.

“मॅडम, हे मांजर कुनाचं हाय?”

“कुणाचं नाही. कंप्युटरचं आहे.”

“मंग खातं काय?”

“काही खात नाही.”

एका पोराने मांजराला ‘कायम चालत राहा’ असा ठोकळा लावला आणि नेमकी लाईट गेली. पडदा काळा झाला. ते पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेत आलं तेच डोळे चोळत. मला म्हणालं, “मॅडम, ते रातभर आत चालून राह्यलं असंल का?” मी नाही म्हणून सांगितलं. पण त्याचा माझ्यावर विश्वास बसला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नव्हतं.

मग डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. उसाच्या आणि कापसाच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की आमच्याकडे डीपी जळते, आणि नवीन येते तेव्हा येते. लॅपटॉप ऑफिसातल्या कपाटात गेले. प्रशिक्षणात आम्हाला असंही सांगितलं होतं की वीज नसेल तर मैदानावर शिकवा. एक मूल मांजर होईल, बाकीची हुकूम देतील. मी फळा बाहेर लिंबाखाली आणला, त्यावर हुकमांची यादी लिहिली. दहा पावलं चल. उजवीकडं वळ. डावीकडं वळ. थांब. मैदानावर चुन्याच्या फक्कीने चौकटी आखल्या आणि वर्गाच्या मॉनिटरला मांजर केलं.

तो मॉनिटर मोठा हुशार. हुशारी हाच त्याचा दोष. कुणी ‘वळ’ म्हणायच्या आधीच तो वळायचा. समोर दगड दिसला की न सांगता बाजूने जायचा. पोरं ओरडायची, “तुला कुनी सांगितलं?” तो म्हणायचा, “मंग काय धडकू?”

मोठे सर हे सगळं व्हरांड्यात खुर्ची टाकून बघत होते. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. उंच, अंगाने भारी, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी नुसता घसा खाकरला की पहिलीचा वर्गसुद्धा उभा राहायचा. हुकूम पाळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा वरून पत्र आलं की रविवारी झाडं लावा. सर रविवारी एकटे आले आणि झाडं लावून गेले. सोमवारी तो कार्यक्रम रद्द झाल्याचं पत्र आलं, तेव्हा लावलेली झाडं उपटायची का, हे विचारायला त्यांनी तालुक्याला फोन केला. तिकडच्या माणसाने सांगितलं, “राहू द्या सर.” मग सरांनी झाडं राहू दिली.

तर हे सर खुर्चीतून उठले आणि मैदानावर आले.

“मॅडम, हे पोरगं डोकं चालवून राह्यलं. मशीननं डोकं चालवायचं नसतंय. हट रे. मी होतो मांजर.”

मला वाटलं ते गंमत करतायत. पण सर गंमत करत नसत. ते फक्कीच्या चौकटीत जाऊन दोन्ही हात मांड्यांना लावून उभे राहिले. समोर बघत.

पोरं पार घाबरून गेली. शेवटी सहावीतल्या एका मुलीनं धीर केला. “सर, दहा पावलं चला.”

सर हलले नाहीत.

“सर, चला ना.”

सर तसेच. मग समोर बघतच ते बोलले, “फळ्यावर काय लिहिलंय? ‘चला’ लिहिलंय का?”

“न्हाई सर. ‘चल’ लिहिलंय.”

“मंग?”

ती पोरगी माझ्याकडे बघू लागली. मी फळ्याकडे बघू लागले. मोठ्या सरांना ‘चल’ कसं म्हणायचं? त्यांना तर सरपंचसुद्धा अहो-जाहो करायचे. सरांनी निकाल दिला, “मशीनला अहो-जाहो नसतंय. जे लिहिलंय तेच म्हना.” ती मुलगी मैत्रिणीच्या पाठीमागे लपली आणि तिथून तोंडावर हात ठेवून बोलली, “दहा पावलं चल.” सर मोजून दहा पावलं चालले. मैदानावर अशी शांतता पसरली की पलीकडच्या शेतातली मोटार ऐकू येत होती, आणि मग आठवलं की लाईट नाही, म्हणजे ती मोटार नव्हती. ते आमच्या खिचडीवाल्या मावशींचं घोरणं होतं.

आठवड्याभरात पोरं सरावली. उलट त्यांना गोडी लागली. सगळी एकदम ओरडायची, सर एकाच वेळी उजवीकडे आणि डावीकडे वळायला जायचे आणि गरगरायचे. तेव्हा सरांनी स्वतःच एक नियम केला. ज्याने प्रोग्राम सुरू केला, त्याचाच हुकूम ऐकायचा. प्रोग्राम संपेपर्यंत दुसऱ्या कुणाचाही नाही.

एक दिवस एक बाप तक्रार घेऊन आला. “सर, शाळेत हे काय शिकवून राह्यले तुम्ही? माझं पोरगं मला म्हनतं, उठ. पाच पावलं चल. पानी आन.”

सरांनी शांतपणे विचारलं, “आनलं का पानी?”

“आनलं.”

“किती पावलात?”

“पाच... सात झाले असतील.”

“मंग प्रोग्रामात चूक हाय. मॅडम, त्या पोराला जरा बघा.”

बाप गेला. जाताना तो दारापर्यंतची पावलं मोजत होता, हे मी पाहिलं.

त्यानंतर तो दिवस आला. कापसाची वेचणी चालू होती, कारखान्याला ऊस जायला लागला होता. मी फळ्यावर नवा हुकूम लिहिला. ‘भिंत लागेपर्यंत चल.’ म्हणजे किती पावलं ते आपण सांगायचं नाही, मशीनने चालत राहायचं आणि भिंत आली की थांबायचं. सर शाळेच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. भिंत समोर वीसेक पावलांवर. धडा अगदी सोपा होता.

मी पाचवीतल्या एका मुलीला पुढे बोलावलं. तिचं घर गावाबाहेर, मेंढरं पाळणारं. ती शाळेत रोज यायची, सगळं वहीत उतरवायची, पण वर्गात तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. काही विचारलं की तिच्या शेजारची मुलगी उत्तर द्यायची. “तिला येतंय मॅडम,” एवढं सांगून ती तिला खाली बसवायची. मला वाटलं, आज दोन शब्द तरी बोलेल. बोलली नाही तरी हरकत नाही.

ती पुढे आली. खाली मान. फळ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, “उजवीकडं वळ.”

सर उजवीकडे वळले. पोरांनी आ वासला, कारण तिला आवाज आहे हेच त्यांना नवं होतं. मीही तिच्याच तोंडाकडे बघत राहिले. त्यामुळे सरांचं तोंड आता शाळेच्या भिंतीकडे नसून मैदानाच्या मोकळ्या बाजूकडे झालंय, हे माझ्या लक्षातच आलं नाही. त्या बाजूला कुंपणाची भिंत मंजूर आहे असं मी शाळेत आले तेव्हापासून ऐकत होते. मंजूर होती, बांधलेली नव्हती.

“भिंत लागेपर्यंत चल!” ती म्हणाली. हा आवाज वर्गातला नव्हता. माळावरून पलीकडच्या माळावर हाक मारतात तसा होता.

सर निघाले.

मैदान संपलं तिथं ते थांबतील असं मला वाटलं. ते थांबले नाहीत. चरावरून पाय टाकून रस्त्यावर गेले.

“सर!” मी ओरडले.

त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. “मॅडम, प्रोग्राम चालू हाय.”

मी त्या मुलीला म्हटलं, “अगं, थांब म्हण त्यांना.” पण तेवढ्यात तिची वाचा गेली होती. तिने ओठ घट्ट मिटले आणि डोळ्यांत पाणी आलं. मग मी तिचा हात धरून सरांच्या मागे निघाले आणि माझ्या मागे सगळा वर्ग निघाला. खिचडीवाल्या मावशी जाग्या झाल्या. “सर, खिचडी झाली!” त्यांनी हाक मारली. सर थांबेनात म्हणून मावशीही हातात पळी घेऊन मागे आल्या.

रस्त्यावरून आम्ही असे चाललो होतो. पुढे मोठे सर, हात मांड्यांना लावलेले, नजर सरळ. मागे पोरं, कुणी बोलत नव्हतं. समोरून एक जण मोटारसायकलवर आला. त्याने आमच्याकडे बघितलं, गाडी बाजूला लावली, खांद्यावरचा रुमाल डोक्याला गुंडाळला आणि आमच्यात येऊन चालायला लागला. बराच वेळ तो मान खाली घालून चालला. मग हळू आवाजात मला म्हणाला, “कोन गेलं, मॅडम?”

“कुणी नाही गेलं.”

“तरी पन?”

“सर भिंतीपर्यंत चाललेत.”

त्याने यावर विचार केला. “बरं,” तो म्हणाला. “आता आलोच हाव तं येतो.” डोक्याचा रुमाल त्याने सोडला नाही. त्याला बघून आणखी तिघं-चौघं सामील झाले, त्यांनीही रुमाल गुंडाळले. घनसावंगीकडे जाणारी जीप आली. ड्रायव्हरने सरांच्या बाजूने गाडी हळू केली. “बसा सर, सोडतो. कुठं जायचंय?” सर चालत राहिले. आत बसलेल्या एका बाईने हात जोडले.

आणि नेमका त्याच दिवशी विस्तार अधिकारी साहेबांचा शाळा तपासणीचा मुहूर्त निघाला होता. ते आपल्या गाडीतून येत होते. शाळा समोरून आपल्याकडे चालत येतेय, हे बघून त्यांनी गाडी थांबवली आणि उतरले.

“नमस्कार सर,” साहेब म्हणाले.

“नमस्कार साहेब,” सर म्हणाले आणि त्यांच्या बाजूने पुढे गेले.

साहेबांना मागे मागे यावं लागलं. “अहो सर, थांबा. मी तपासणीला आलोय.”

“बघा की साहेब. सगळी पोरं हजर हायत.”

“पण कुठं निघालात?”

“भिंतीपर्यंत.”

“कोणत्या भिंतीपर्यंत?”

“लागंल त्या.”

साहेब मला म्हणाले, “मॅडम, हा काय प्रकार?” मी चालता चालता सगळं सांगितलं, पुनरावृत्तीचा ठोकळा म्हणजे काय, अट म्हणजे काय. इतकं नीट मी वर्गातही कधी शिकवलं नव्हतं. साहेब ऐकत ऐकत चालत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “मग मी सांगितलं तर?”

“तुमचंही ऐकणार नाहीत, साहेब. प्रोग्राम हिने सुरू केलाय.”

साहेबांनी त्या पाचवीतल्या पोरीकडे बघितलं. त्यांच्या नोकरीत असा प्रसंग आला नसावा.

पुढे रस्त्यात एक म्हैस आडवी उभी होती. सर तिच्यापर्यंत गेले आणि तिच्या बरगड्यांना छाती लागली तशी जागच्या जागी पावलं टाकू लागले. टप, टप, टप. पोरांत वाद सुरू झाला.

“लागली भिंत! थांबायला पायजे!”

“म्हैस कुठं भिंत असती रे?”

“काहून? आडवी तर हाय.”

“भिंत हलत न्हाई. म्हैस हलती.”

“ही कुठं हलून राह्यली?”

साहेबांनी माझ्याकडे निर्णय मागितला. मी द्यायच्या आत म्हैस हलली आणि सर पुन्हा चालू झाले. म्हैस हलली म्हणजे ती भिंत नव्हती, एवढं सगळ्यांना मान्य झालं.

त्यानंतर रस्ता वळला. सर वळले नाहीत. त्यांना वळायला कुणी सांगितलं नव्हतं. ते सरळ कापसाच्या शेतात शिरले आणि दोन तासांच्या, म्हणजे ओळींच्या, मधून चालू लागले. वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून उभ्या राहून बघायला लागल्या. एकजण ओरडली, “सर, कापूस तुडवू नका हो!” सर कापूस तुडवत नव्हते. ते अगदी मधून चालले होते. तुडवत होतो आम्ही.

“मॅडम,” रुमालवाला माणूस माझ्याजवळ येऊन म्हणाला, “हा तास नाकासमोर इहिरीवर जातो.”

“कठडा आहे ना?”

“कशाचा कठडा.”

“सर, विहीर!” मी ओरडले. “सर, पुढं विहीर आहे!” साहेब ओरडले, मावशी ओरडल्या, पोरं ओरडली. या गोंधळात सरांना विहीर ऐकू आली की नुसता गलका, कुणास ठाऊक. ते एवढंच म्हणाले, “एकदम बोलू नका. तिलाच सांगू द्या.” साहेब त्यांना धरायला पुढे धावले, पण त्यांचा बूट ओल्या सरीत रुतला आणि पाय तेवढा पुढे आला.

बांधावर मेंढरं चरत होती. त्या मुलीचा बाप तिथं काठी टेकून उभा होता. एवढा जमाव आणि त्यात आपली पोरगी रडताना दिसली, तसा तो धावत आला. त्याला मी एका दमात सांगितलं, “तुमच्या मुलीनं ‘थांब’ म्हटलं तरच सर थांबतील.” त्याने याचं कारण विचारलं नाही. मला आजही त्या माणसाबद्दल फार आदर आहे तो यासाठीच.

“म्हन गं!” तो पोरीला म्हणाला. “थांब म्हन सरायला!”

ती कुजबुजली, “आबा, सर हायत ते.”

“मी सांगतो ना, म्हन! जल्दी!”

समोर विहिरीच्या काठावरची बाभळ दिसायला लागली होती. त्या पोरीने माझा हात झटकला. कापसातून वाकून धावत ती सरांच्या पुढे गेली आणि त्यांच्याकडे तोंड करून उलटी चालायला लागली. मला वाटलं आता थांब म्हणेल.

“डावीकडं वळ!” ती म्हणाली.

सर डावीकडे वळले. विहीर उजव्या हाताला राहिली. सर मात्र चालतच होते.

“आता थांब म्हन,” बाप म्हणाला.

“काहून?” पोरगी म्हणाली. “भिंत कुठं लागली अजून?”

आणि मग तिने सरांना नेलं. दुसरा शब्दच नाही त्याला. “दहा पावलं चल. उजवीकडं वळ. दहा पावलं चल.” मध्ये बांध आला. बांध चढायचा हुकूम फळ्यावर नव्हता. ती क्षणभर अडली, मग तिने सरांना बांधाच्या कडेकडेने नेलं आणि जिथं बैलगाडीची वाट फुटली होती तिथून पलीकडे काढलं. साहेब एका पायात बूट नसताना तिच्या मागे धावत होते आणि ओरडत होते, “डावीकडं घे! डावीकडं!” तिने वळून त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प झाले. विस्तार अधिकारी होते ते. मोजेसुद्धा चिखलाने भरले होते.

पुढे एक घर आलं. मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती, वर पत्रे, बाजूला मेंढरांचं कुंपण. तिने सरांना त्या घराच्या समोर बरोबर उभं केलं आणि म्हणाली, “भिंत लागेपर्यंत चल.”

सर चालले. त्यांचं कपाळ भिंतीला टेकलं. ते थांबले.

“लागली,” सर म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी कुणासाठी वाजवल्या ते सांगता येणार नाही. एका शिट्टीचाही आवाज आला, आणि ती शिट्टी साहेबांनी वाजवली असं पोरं अजून सांगतात. मी पाहिलं नाही.

घरातून एक बाई बाहेर आली. भाकरी थापत असावी, हाताला पीठ होतं. तिने बघितलं. शाळेचे मोठे सर तिच्या भिंतीला कपाळ टेकवून उभे, एका बुटाचा साहेब, पळी घेतलेली बाई, डोक्याला रुमाल बांधलेली माणसं, कापूस वेचणाऱ्या बाया आणि आख्खी शाळा. आणि सगळ्यांच्या पुढे तिची पोरगी.

“मॅडम,” तिने मला बाजूला घेऊन विचारलं, “सरायला काय झालं व्हतं?”

मी खूप विचार करून सांगितलं, “सर मशीन झाले होते.”

तिने समजल्यासारखी मान हलवली. “मंग आता उतरलं का?”

“उतरलं,” मी म्हटलं. तेव्हा हेच उत्तर सगळ्यात खरं वाटलं.

तरी तिने चुलीतून निखारे आणले, मुठीत मीठ-मिरच्या घेतल्या आणि सरांवरून उतरवून निखाऱ्यांवर टाकल्या. सर खाटेवर बसून होते. सगळ्यांना ठसका लागला, साहेबांना सगळ्यात जास्त. ती म्हणाली, “बघा, किती लागली व्हती नजर.” मग तिने एवढ्या मोठ्या जमावाला चहा केला. कप पुरले नाहीत तेव्हा पोरांनी ताटलीतून चहा प्यायला. आमच्या शाळेतलं कुणी त्या घरी आजवर गेलं नव्हतं, हे मला चहा पिताना कळलं. घरातले सगळे आम्हाला असे बघत होते की आम्ही मुद्दाम ठरवून आलोय.

मी मुलीला विचारलं, “तू सरांना मुद्दाम तुझ्या घरी आणलंस का?”

“न्हाई,” ती म्हणाली. “हीच भिंत जवळ व्हती.”

साहेबांनी पोरीला जवळ बोलावलं आणि विचारलं, “विहिरीजवळ थांब का नाही म्हणालीस गं?”

तिने बापाकडे बघितलं, मग साहेबांकडे. “सर भिंतीपर्यंत निघाले व्हते,” ती म्हणाली. “इहिरीपाशी थांबून काय करतील?”

साहेबांनी तिथेच, खाटेवर बसून शाळेची तपासणी पूर्ण केली. पोरांना एक पाढा म्हणायला लावला, सगळ्यांनी म्हटला, मेंढरंही मध्ये मध्ये ओरडली. निघताना साहेब मला म्हणाले, “मॅडम, उपक्रम चांगला आहे. पण पुढच्या वेळी दार लावून घ्या.”

परत येताना सर लंगडत होते. चपलेचा अंगठा तुटला होता. पोरं पुढे गेली होती, आम्ही दोघं मागे. मला राहवलं नाही.

“सर, खरं सांगा. तिने वळ म्हटलं नसतं तर तुम्ही विहिरीत गेला असता?”

“इहीर?” सर म्हणाले. “मॅडम, मी पावलं मोजत व्हतो. मला इहीर दिसलीच न्हाई.”

“आम्ही सगळे ओरडत होतो!”

“सगळे ओरडले की मला एकाचंही कळत न्हाई,” सर म्हणाले. “म्हनून तर तो नियम केला.”

त्यावर ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. हसताना ते बरेच वेगळे दिसतात, थोडेसे आमच्या मॉनिटरसारखे.

ती मुलगी त्यानंतर फार बोलकी झाली असं काही नाही. पण बोलायचं असेल तेव्हा तिला शेजारणीची गरज लागेना, आणि बोलली की वर्गाला सोडा, गावाला ऐकू जायचं. आता ती आठवीला घनसावंगीला जाते. परवा जीपमध्ये माझ्या शेजारी बसली होती. सगळा रस्ता गप्प. मी उतरले, दार लावलं, जीप निघाली, आणि आतून तिचा आवाज आला, “थांब! मॅडमचा पदर दारात हाय!”

ड्रायव्हरने असा ब्रेक मारला की मागच्या सीटवरच्या सगळ्या पिशव्या पुढे आल्या. मी पदर सोडवून घेतला. ड्रायव्हर घाम पुसत होता. तिला म्हणाला, “थांबा म्हनावं गं बाई, मी मोठा हाय तुझ्यापेक्षा.”

ती म्हणाली, “थांबा म्हनूस्तोर मॅडम गेल्या असत्या.”

जीप गेली. माझ्या पदराला तेलाचा काळा डाग पडला होता. तो अजून निघालेला नाही.